आईला सीओपीडी निघालं, ऑक्सिजन मशीन विकत घ्यावं की भाड्याने? (निफाड / नाशिक)

मळ्यातला_मुलगा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आई ६७ वर्षांची. गाव निफाड तालुक्यात, थोरला भाऊ, वहिनी आणि आई तिथे मळ्यात राहतात, मी नाशिकला इंदिरानगरला. दिवाळीनंतर आईला खोकल्याची ढास लागली, आम्हाला वाटलं दरवर्षीचंच आहे, थंडी पडली की तिला होतंच, पण या वेळी तिला आडवंच होता येईना, उशा रचून रात्रभर बसून काढायची, एक दिवस ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा भावाने तशीच गाडीत घातली आणि नाशिकला आणली. सहा दिवस ॲडमिट. सीओपीडी आहे म्हणाले, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, पूर्ण बरं होणार नाही, सांभाळायचं.

मला पहिलं हेच कळत नाहीये की हे आलं कुठून. बीडी-सिगारेट सोडा, आईने कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. वडील ओढायचे, पण ते जाऊन बारा वर्षं झाली. गॅसही घरात पंधरा-सोळा वर्षांपासून आहे.

डिस्चार्जला दोन इनहेलर दिलेत, एक कॅप्सूलवाला आणि एक स्प्रेचा पंप, आणि घरी ऑक्सिजन लावायला सांगितलाय, मिनिटाला दोन लिटर, दिवसाचे पंधरा-सोळा तास. बिल भरून बाहेर आलो तर गेटवरच एक मशीनवाला हजर, पाच लिटरचं मशीन बेचाळीस हजार, आजच घ्या उद्या हा रेट नाही. तेव्हा टाळलं आणि मावसभावाकडे कोविडच्या वेळचं मशीन पडून होतं ते आणलं. पण ते परत द्यायचंय, त्यामुळे घ्यावं का, कोणतं घ्यावं, की भाड्याने?

दुसरं, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ८८-९० टक्के दिसतो. सकाळी सकाळी तर ८३-८४. मग भाऊ घाबरून चार-पाचवर करतो, की ९७ येतं, घरात सगळ्यांना बरं वाटतं. पण दोन-तीन दिवसांपासून ती दिवसभर पेंगते, बोलता बोलता डोळा लागतो, आणि सकाळी उठल्यावर डोकं जड झालंय म्हणते. अशक्तपणाने असेल ना?

आणि तिला नाशिकला आणू का? ती म्हणते तुमच्या फ्लॅटात माझा जीव कोंडतो.

सिडकोची_सिस्टर:

दादा बाकीचं सगळं नंतर, आधी भावाला फोन लावा आणि मशीन दोनवर आणायला सांगा. बंद नाही करायचं हं, एकदम बंद केलं तर तेही धोक्याचं, लिहून दिलंय तेवढ्यावर आणायचं. आणि आजच्या आज तिला दवाखान्यात घेऊन जा, उद्यावर ढकलू नका. मी छातीच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलीत, ऑक्सिजन वाढवलाय, पेशंट पेंगतोय आणि सकाळी डोकं दुखतंय हे एकत्र आलं की आम्ही अशक्तपणा म्हणून सोडत नाही. या आजारात काही पेशंटच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि बाहेरून ऑक्सिजन जास्त दिला की तो आणखी वाढतो. बोटाचं मशीन फक्त ऑक्सिजन दाखवतं, कार्बन डायऑक्साइड दाखवतच नाही, म्हणून ९७ बघून तुम्ही खुश आणि आत गडबड चालू. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी नावाची तपासणी करतात, त्यात कळतं.

तुम्हाआम्हाला ९५ च्या वर लागतं पण असा धोका असलेल्या सीओपीडीवाल्यांना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. म्हणजे तुम्ही ज्या आकड्याला घाबरताय तोच बहुतेक तिच्यासाठी बरोबर आकडा आहे. तिचा नेमका किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि मशीनवर चिकटवून टाका, भावाला दिसेल असं.

सकाळच्या ८३ बद्दल. हाताला हात लावून बघा, बर्फ असेल. निफाडची थंडी ती, बोटं गार पडली की ते मशीन काहीही दाखवतं. हात चोळून गरम करा, बोट मशीनमध्ये घालून मिनिटभर हलवू नका, मग आकडा बघा. नखांना मेंदी असेल तर तिनेही रीडिंग चुकू शकतं, मेंदी नसलेलं बोट धरा. गरम हातावर पण ८८ च्या खालीच राहिलं तर मात्र डॉक्टरांना फोन, नॉब आपण फिरवायचा नाही.

मळ्यातला_मुलगा:

ताई वाचून हातपाय गार पडले. भावाला सांगितलं, दोनवर केलंय, गाडी काढतोय. पोचलो की लिहितो.

प्रेसवाले_काका:

सिस्टरांनी लाखमोलाचं सांगितलंय. मी स्वतः या आजाराचा सातवा दिवाळसण साजरा केलेला माणूस, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर, तीस वर्षं बीडी, त्यामुळे माझं कुठून आलं हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. एफईव्हीवन ३८ टक्के. म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदाला माझ्या वयाउंचीच्या निरोगी माणसाची जेवढी हवा बाहेर पडेल त्याच्या ३८ टक्केच माझी पडते. ही फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री, आईची झाली का? ॲडमिट असताना धड करता येत नाही, पण तब्येत स्थिर झाली की दीड-दोन महिन्यांनी आठवण करून करवून घ्या, कारण धाप लागली की दमा आणि खोकला आला की सीओपीडी असा हिशोब नसतो. पूर्वी टीबी झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, टीबी बरा होतो पण फुप्फुसावर डाग ठेवून जातो आणि पुढे असंच दिसतं.

मशीन. अजिबात विकत घेऊ नका. आत्ता नाही. मला धापेच्या पहिल्या ॲटॅकनंतर असंच घरी ऑक्सिजन सांगितला होता आणि पोराने दुसऱ्या दिवशी मशीन विकत आणलं, तीन महिन्यांनी परत तपासलं तर डॉक्टर म्हणाले काका आता गरज नाही, आणि ते मशीन पुढची चार वर्षं पलंगाखाली. मोठ्या आजारातून उठल्यावर ऑक्सिजन लागतो तो कायम लागेलच असं नाही, दोन-तीन महिन्यांनी परत एबीजी करून ठरवतात. तोवर भाड्याने. आमच्याकडे डिपॉझिट घेऊन महिना साडेतीन हजाराने मिळालं होतं, हल्ली काय आहे ते दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि ते कोविडमधलं पडून राहिलेलं मशीन, त्यातून ऑक्सिजन येतो का नुसतीच हवा येते हे कुणी तपासलंय? मशीन घूं घूं करतं म्हणजे ऑक्सिजन देतं असं नसतं, सप्लायरकडे शुद्धता मोजायचं यंत्र असतं, ९० टक्क्यांच्या आसपास यायला पाहिजे. फिल्टर दर आठवड्याला धुवा, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी नाही.

आता खरं सांगतो, मशीनपेक्षा मोठी गोष्ट इनहेलर आहे आणि त्यात सगळे गोते खातात. मी दीड वर्ष पंप चुकीचा ओढत होतो. औषध जिभेवर आणि घशात, फुप्फुसात शून्य. माझी एक विनंती आहे, आईला काहीच शिकवू नका, नुसतं म्हणा माझ्यासमोर घेऊन दाखव. आणि बघा ती काय करते. कॅप्सूलवाला असेल तर आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, इनहेलरमध्ये नाही हं, बाजूला तोंड करून, मग ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढायचा, दहा आकडे रोखायचा, कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर परत ओढायचं. पंप उलट, तो सावकाश ओढायचा. त्याला स्पेसर लावा, तो प्लॅस्टिकचा फुगा मिळतो ना, म्हाताऱ्या माणसाचं दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नाही, स्पेसरने काम सोपं होतं. इनहेलर स्टेरॉइडचा असेल तर नंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं नाहीतर तोंडात पांढरं बुरशीचं येतं. आणि बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही, आमच्या पिढीला ती खोड आहे.

धाप लागली की काय करायचं ते पण शिकवा. टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकून बसायचं, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ चंबू करून हळू सोडायचा. समईवर फुंकर घालतोय पण ज्योत विझू द्यायची नाही, अशी. घ्यायच्या दुप्पट वेळ सोडायला. मला फिजिओवालीने हे शिकवलं तेव्हा मी मनात हसलो होतो, आता जिना चढताना तेच करतो.

नैसर्गिक_आरोग्य:

इनहेलरची एकदा सवय लागली की सुटत नाही, आयुष्यभराचं गिऱ्हाईक होता तुम्ही. आमच्याकडे ओवा, कापूर आणि लवंगेची धुरी देतात, छातीतला सगळा कफ सुटतो. पर्सनल मेसेज करा.

प्रेसवाले_काका:

वा. बाईचं फुप्फुस आधीच गेलंय आणि उपाय काय तर धूर. शिवाय नाकात ऑक्सिजनची नळी आणि शेजारी निखारे! चष्म्याचं रोजचं गिऱ्हाईक आहे मी, त्याची पण सवयच म्हणायची का?

दिंडोरीची_सून:

दादा आई कशी आहेत आता? तुम्ही विचारलंत ना आलं कुठून, त्यावर मला एकच विचारायचंय, अंघोळीचं पाणी कशावर तापवता?

मळ्यातला_मुलगा:

ताई, बंबावर. का? म्हणजे द्राक्षाच्या काड्या छाटणीनंतर ढिगाने असतात, मग बंब पेटतोच की सकाळी. आईच पेटवते, पाच वाजता.

दिंडोरीची_सून:

हेच. आमच्या सासूबाईंचं डिट्टो असंच. सगळ्या डॉक्टरांनी विचारलं चूल आहे का, आम्ही छातीठोकपणे सांगायचो छे हो गॅस आहे, आणि बंबाचा धूर मोजायचं कुणाच्या डोक्यातच नाही. त्यात लग्न होऊन आल्यापासून पंचवीस-तीस वर्षं चुलीपुढे गेलेली असतात, बंद खोलीत फुंकणीने फुंकून फुंकून, ते नुकसान गॅस आला म्हणून पुसलं जात नाही. बीडी न ओढणाऱ्या बायकांना हा आजार होतो त्यातलं मोठं कारण हा धूर, आणि वडील ओढायचे तो धूर पण तिच्याच नाकात गेला असणार की. सासूबाई तर म्हणायच्या देवाने कशाची शिक्षा दिली, मी तर सुपारीसुद्धा खात नाही. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा कुठे जरा शांत झाल्या.

मग आम्ही घरात धूर शोधायला लागलो तर सापडतच गेला. संध्याकाळी डासांची कॉइल. देवापुढे धूप आणि दोन-दोन उदबत्त्या. आणि कडाका पडला की बागेत पहाटे शेकोट्या करतात ना घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून, तो धूर जमिनीलगत तसाच बसून राहतो आणि घर मळ्यातच. तुमच्याकडे तर निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा रोज पेपरात येतो, आमच्यापेक्षा जास्तच शेकोट्या असणार. वर छाटणीनंतरच्या फवारण्या, गंधकाची धुरळणी. म्हणून मी म्हणते आई गावी राहायच्या म्हणत असतील तर राहू द्या, माणूस आपल्या अंगणात बरं होतं, पण डिसेंबर-जानेवारी दोन महिने तरी इंदिरानगरला आणा. नाशिकला धूळ नाही असं नाही, कुंभाच्या कामांनी सगळीकडे खोदून ठेवलंय, तरी पहाटेचा बंब तर नसेल.

आणि बंब काढलात तर घाईघाईत गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नका, बंद जागेत त्याने माणसं गेलीत, गीझर बाहेर आणि पाणी आत. आमचं सोलर आहे.

सिडकोची_सिस्टर:

बंबाचं माझ्यापण लक्षात आलं नसतं, खरंच.

मळ्यातला_मुलगा:

उशीर झाला लिहायला, माफ करा. त्या दिवशी नेलं तर एबीजीत कार्बन डायऑक्साइड ६४ आला, नॉर्मल ४५ पर्यंत असतो म्हणे. लगेच तोंडावर मास्क लावून बायपॅप मशीन लावलं, ते दाबाने हवा आत देतं, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने वहिनीला विचारलं गाईचं दूध कुणी काढलं, तेव्हा आम्ही समजलो की आई परत आली. सिस्टरताई, तुमचं नाव माहीत नाही पण आईच्या देव्हाऱ्यात तुमच्या नावाने साखर ठेवलीय.

काका, तुम्ही म्हणालात तसं दाखव म्हटलं. तिने कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली. तीन आठवडे गिळत होती. इनहेलरचं प्लॅस्टिक जपून डब्यात ठेवलेलं, त्याचं काय करायचं ते माहीतच नाही! डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी दोन मिनिटं दाखवलं होतं पण तेव्हा ती गुंगीत होती आणि मी बिलाच्या रांगेत. हसावं का रडावं कळेना. आता त्यांनी बदलून पंपच दिलाय स्पेसरसकट, तिचा ओढायचा जोर कमी पडतो म्हणून.

घर मळ्यातच आहे, लाइटचा प्रॉब्लेम आहे, त्यावर कुणी काही सांगेल का? आणि खर्चाचं. या वेळचं बिल भरून हात टेकले.

ओझरकर:

लाइटचं मी सांगतो, वडिलांसाठी सगळं करून बसलोय. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, सोळा तास म्हणजे दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला पावणेदोनशेच्या घरात, शंभरच्या पुढे गेलात की महावितरणचा स्लॅब बदलतो हे धरून चाला. शेतीच्या फीडरवर असाल तर थ्री फेज ठराविक तासच, बाकी वेळ सिंगल फेज आणि व्होल्टेज असं नाचतं की मशीन सारखं अलार्म मारतं. आम्ही स्टॅबिलायझर लावला. इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्ह घ्या, साध्यावर मशीन खराब होतं, आणि तोही रात्रभर ओढणार नाही हे लक्षात ठेवा. म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरून कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलेला बरा, त्यात दीड हजार लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो. रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावायचं नाही. नाक कोरडं पडतं म्हणून आई व्हॅसलीन किंवा खोबरेल लावत असेल तर बंद करा, ऑक्सिजनशेजारी तेलकट वस्तू पेट घेऊ शकते, मेडिकलमध्ये पाण्याची जेल मिळते. देव्हारा, गॅस सगळं दहा फूट लांब.

पंधरा तास ऐकून आई घाबरल्या असतील तर त्यांना सांगा रात्रीची झोपच नऊ-दहा तासांची, दुपारी दोन, आणि संध्याकाळी मालिका बघताना लावायचं, झाले की. वडिलांना शेजाऱ्यांनी नळी बघितलेली आवडायची नाही, आम्ही लांब नळी घेतली आणि मशीन आतल्या खोलीत, त्यांना ओटीवर बसता येईना म्हणून जास्त त्रास होता, नळीचा नव्हता.

खर्च. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ॲडमिट झाल्यावरचा खर्च यादीतल्या हॉस्पिटलात होतो, आधार आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, ॲडमिट होतानाच गाठा, बिल भरून झाल्यावर कुणी दाद देत नाही. सत्तरीनंतर आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्न कितीही असो, आईला अजून तीन वर्षं आहेत. पण ही दोन्ही ॲडमिटसाठी, रोजच्या इनहेलरला आणि मशीनच्या भाड्याला काही मिळत नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे, कारण रोजचं औषध परवडलं तर माणूस ॲडमिटच कमी होईल ना. जनऔषधी केंद्रात काही इनहेलर बरेच स्वस्त मिळतात, फक्त डॉक्टरांना विचारून बदला, वस्तू बदलली की ओढायची पद्धत बदलते आणि परत कॅप्सूल पोटात. दर वेळी प्रायव्हेटला जायची गरज नाही, सिव्हिलला त्र्यंबक रोडला दाखवता येतं, नाहीतर तुम्हाला पिंपळगाव-ओझरवरून आडगावचं मेडिकल कॉलेज सरळ पडेल, छातीचा विभाग आहे तिथे.

सिडकोची_सिस्टर:

साखरेचं वाचून डोळ्यात पाणी आलं. दोन गोष्टी राहिल्या होत्या. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, दोन्ही विचारून घ्या, आता लगेच नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि कफाचा रंग बघायला शिका, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, जास्त पडायला लागला आणि नेहमीपेक्षा धाप वाढली की दोन दिवस वाट बघायची नाही. अशा वेळी कुठल्या गोळ्या, किती दिवस, हे आधीच लिहून मागा. पेंगायला लागली किंवा असंबद्ध बोलली तर गोळ्या-बिळ्या नाहीत, सरळ गाडी.

अंघोळीला स्टूल द्या बसायला. उभ्याने अंघोळ म्हणजे या पेशंटला डोंगर चढल्यासारखं असतं.

मळ्यातला_मुलगा:

स्टूल आणला. मशीन भाड्याने घेतलं, फेब्रुवारीत परत एबीजी आणि फुंकायची टेस्ट ठरलीय. आई सध्या इंदिरानगरला आहे, रोज कॉलनीच्या बागेपर्यंत चालते, आधी तीन बाकं व्हायची आता पाच होतात, मध्ये थांबून ओठांचा चंबू करते आणि नातू तिची नक्कल करतो. बंब भावाने माळ्यावर टाकलाय, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, तांब्याचा आहे, आईच्या माहेरचा.

आता तिचं एकच चालू आहे, चैत्रात वणीच्या गडावर न्या. काका, जाता येईल का हो?

प्रेसवाले_काका:

मी गेलोय. ट्रॉली आहे आता, पायऱ्या चढायच्या नाहीत. पण चैत्राच्या यात्रेत नका नेऊ, ती गर्दी आणि धूळ धडधाकट माणसाला झेपत नाही, यात्रा उठल्यावर मधल्या वारी सकाळी लवकर न्या. गड उंचावर आहे, म्हणून फेब्रुवारीचे रिपोर्ट हातात आले की आधी डॉक्टरांना विचारा. पंप आणि स्पेसर पिशवीत वर ठेवा, तळाला नको. मी खाली ठेवला होता, ओटीच्या नारळाखाली, सापडेस्तोवर बायकोने मला जे काही सुनावलं ते इथे लिहिता येत नाही.